फ्लोरिडातील घरामागचा डेक : परवाना सरसकट हवा का?

मूळ मत
फ्लोरिडातील आमच्या घरामागे १२ बाय १४ फुटांचा, जमिनीपासून जेमतेम १४ इंच उंच, घराला न जोडलेला आणि वर छप्पर नसलेला लाकडी डेक, म्हणजे फळ्यांचा ओटा, बांधायचा होता, तर स्थानिक परवाना कार्यालयाने नकाशे मागवून ११ आठवडे घेतले. अमेरिकेत अनेक राज्ये आधाराला घेतात ती इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोड ही संहिता २०० चौरस फुटांपर्यंतच्या, ३० इंचांहून उंच नसलेल्या, घरापासून सुट्या आणि घराबाहेर पडण्याच्या मुख्य दाराशी नसलेल्या डेकला परवान्यातून सूट देते. तीच सूट इथेही सरसकट मिळावी, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद
तुमचा वैताग समजतो, पण मत पटत नाही. ऑगस्ट १९९२ मध्ये अँड्र्यू वादळाने फ्लोरिडातील होमस्टेड परिसर उद्ध्वस्त केला, तेव्हा कच्ची जोडणी आणि ढिली तपासणी उघडी पडली. त्यातूनच २००२ पासून राज्यभर एकच बांधकाम संहिता लागू झाली. पॅटिओचे, म्हणजे घरालगतच्या बसण्याच्या मोकळ्या जागेचे, छप्पर बाजूंनी उघडे असल्याने वारा खाली शिरून ते वर उचलतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळात दापोलीला आमच्या पडवीचे पत्रे असेच गेले. वासे जागच्या जागी होते, पत्रे धरणारे हुक तेवढे उलगडून सरळ झाले होते.

मूळ लेखक
छपराविषयी आपले दुमत नाहीच. माझ्या डेकला छप्परच नाही, मग वारा उचलणार काय? आणि इतके आठवडे थांबावे लागले की लोक परवान्याविना काम उरकतात, हा धोका मला अधिक मोठा वाटतो.

प्रतिसाद
दिरंगाई कमी व्हावी, हे मान्य. मात्र वाऱ्याबरोबर पाणीही येते. सप्टेंबर २०२२ मध्ये इयन वादळात फोर्ट मायर्स बीचवर समुद्राचे पाणी जमिनीपासून १० फुटांहून वर चढले होते. अशा पाण्यात बुटका, सुटा डेक तराफ्यासारखा तरंगतो आणि शेजाऱ्याच्या खांबांवर जाऊन आदळतो.

मूळ लेखक
आमचे घर पूरक्षेत्रात नाही. निदान अशा ठिकाणी तरी नकाशे न मागता एका भेटीत मंजुरी द्यावी.

प्रतिसाद
एका भेटीला माझी हरकत नाही, परंतु ती फळ्या ठोकण्यापूर्वी व्हायला हवी. पायातील काँक्रीट आणि खांबांना तुळईशी बांधणाऱ्या धातूच्या पट्ट्या नंतर फळ्यांखाली झाकल्या जातात, आणि परवानाच नसेल तर त्या पाहायला निरीक्षक येणार नाही.