आईसाठी फ्लिप फोन घेतला: आठवड्याभराचा अनुभव. तुमचं मत काय?

सांजवात:
आई ७६ वर्षांची, सासवडला एकटी राहते. हात थरथरतो. टचस्क्रीनवर बोट सरकवून फोन उचलायचा तर तीनदा कॉल निसटायचा आणि उचललाच तर गाल लागून म्यूट व्हायचा. मागच्या रविवारी नोकिया २६६० फ्लिप, म्हणजे झाकण उघडून बोलायचा बटणांचा फोन, आणून दिला.

सोमवारी सकाळी मी फोन केला तेव्हा ती देवाची भांडी घासत होती. ओल्या हातानंच झाकण उघडलं, "बोल गं" म्हणाली. बोलणं संपल्यावर खट्‌कन मिटलं. तो आवाज ऐकून मला किती बरं वाटलं! झाकण मिटलेलं असताना बाहेरच्या १.७७ इंची पडद्यावर कोणाचा फोन आहे ते दिसतं. आकडे मोठे, बटणं दाबल्याचं बोटाला कळतं. तातडीच्या बटणावर मी, भाऊ आणि शेजारच्या वहिनी. बॅटरी छोटी, १४५० एमएएचची, पण आईच्या वापराला थेट चौथ्या दिवशीच चार्जिंगला लावावा लागला.

खटकलं ते असं, की चार्जिंगला मायक्रो-यूएसबी लागतं, घरातले टाइप-सीचे चार्जर चालत नाहीत. व्हॉट्सअ‍ॅप नाही. तरीही हात थरथरणाऱ्या माणसाला हाच फोन द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

रानजाई:
ताई, मला हे अजिबात पटलं नाही. व्हॉट्सअ‍ॅप नाही म्हणजे नातवंडं दिसणार नाहीत. माझे बाबा ८१ वर्षांचे आहेत, कराडला असतात. बहीण मेलबर्नला. रोज दुपारी तिची मुलगी आजोबांना शाळेतलं चित्र दाखवते. बाबा त्या वेळेची वाट बघत बसतात. तुमच्या सोयीसाठी आईचं जग लहान करू नका. त्यांना विचारलं होतं का?

पायवाट७:
शिवाय पैशांचं काय? साध्या फोनवरून पैसे द्यायला २०२२ मध्ये यूपीआय १२३पे सुरू झालं खरं, पण भाजीवाल्याकडे क्यूआर कोडच लावलेला असतो. तो स्कॅन कशानं करणार?

सांजवात:
आई भाजी रोखीनंच घेते, त्यामुळे तिचं अडत नाही. तुमचं अडेल, हे मान्य.

निळाई:
मधला मार्ग आहे की. सॅमसंगचा घडीच्या पडद्याचा स्मार्टफोन, गॅलॅक्सी झेड फ्लिप ६ घ्या. आत ६.७ इंची पडदा, बाहेर ३.४ इंची. मी दोन महिने वापरतेय. मिटला की निम्मा होऊन खिशात मावतो, अर्ध्यात वाकवून टेबलावर ठेवला की हात न लावता व्हिडिओ कॉल होतो. व्हॉट्सअ‍ॅप आणि पेमेंटही आहेच.

हिरडा:
निळाई, २०२४ मध्ये तो आला तेव्हा किंमत लाखाच्या वर होती. सासवडच्या आजींना तो द्यायचा? माझ्याकडे दुसऱ्या एका कंपनीचा घडीचा फोन होता. दीड वर्षात घडीवरची आतली फिल्म सुटली, पुढे मधोमध काळी रेघ आली. पडदा बदलायचा खर्च ऐकून मी नवा साधा स्मार्टफोनच घेतला. काचेला घडी घालायची तर ती कागदासारखी पातळ करावी लागते, वर प्लास्टिकचा थर. नखाचा ओरखडाही उठतो. २६६० मध्ये वाकतो तो फक्त सांधा, पडदा वाकतच नाही. थरथरत्या हातांसाठी मी डोळे झाकून हाच घेईन.

रानजाई:
टिकाऊपणाबद्दल वाद नाही, हिरडा. माझा प्रश्न नातवंडांचा आहे, तो तसाच राहिलाय.

सांजवात:
रानजाई, तुमचा प्रश्न दोन दिवस मनात होता. आईला विचारलं नव्हतं, हे खरं. काल गेले तेव्हा विचारलं. म्हणाली, "फोन हाच राहू दे. पण पोरांची तोंडं बघायला काहीतरी कर." म्हणून तिचा जुना स्मार्टफोन देवघराशेजारच्या फडताळात उभा करून ठेवलाय, वायफायवर, चार्जरला लावूनच. संध्याकाळी शेजारच्या वहिनी येऊन व्हिडिओ कॉल लावून देणार आहेत. वहिनी गावाला गेल्या की काय करायचं, ते अजून सुचलेलं नाही. कुणी असं काही केलं असेल तर सांगा.