एरहूचा रडका सूर फक्त कातड्याचा नाही

एरहू म्हणजे गजाने (केस ताणलेल्या काठीने) वाजवायचं दोन तारांचं चिनी वाद्य. वर कुणीतरी लिहिलंय की त्याचा तो रडका सूर सगळा अजगराच्या कातड्यामुळे येतो आणि बाकी वाद्य म्हणजे आपली सारंगीच. कातड्याचं अर्धं मान्य. पण कातडं तर सारंगीलाही असतं, तरी आवाज वेगळा येतोच ना. एरहूला फिंगरबोर्डच (तारांखालची बोटं दाबायची पट्टी) नाही, दोन तारा दांडीपासून लांब, हवेतच असतात, बोट तारेवर टेकतं पण तार खाली कशालाच टेकत नाही, त्यामुळे नुसतं जास्त दाबलं तरी सूर चढतो, चिनी वादक कंपासाठी हे मुद्दाम वापरतात. आणि गजाचे केस दोन तारांच्या मधूनच ओवलेले असतात, गज वाद्यापासून सुटा होत नाही, केसांची एक बाजू आतल्या तारेला (रे) आणि दुसरी बाहेरच्या तारेला (ध) घासते, म्हणून केसांना पकड देणारी राळ दोन्ही बाजूंना लावावी लागते.

अजून एक गोष्ट इथे कुणी लिहिली नाही. घोडीच्या (कातड्यावरचा, तारा टेकतात तो छोटा तुकडा) जरा खाली तारा आणि कातडं यांच्यामध्ये फेल्टचा किंवा स्पंजचा छोटा तुकडा खोचलेला असतो. फोटोत तो कचरा अडकल्यासारखा दिसतो, पण मित्राच्या एरहूतून काढून वाजवून बघितलं तर आवाज मोठा झाला आणि सोबत इतका खरखरीत, की एकदोन सूर तर लांडग्यासारखे गुरगुरायला लागले. परत खोचल्यावर लगेच मऊ. जुन्या रेशमी तारा जाऊन आता स्टीलच्या आल्यात, त्याचाही फरक आहेच, १९५० साली आबिंग या अंध चिनी एरहूवादकाने वाजवलेलं रेकॉर्डिंग ऐका, त्या तारा रेशमाच्या होत्या.