लोभ नंतर, आधी उसनवारी

नोकरीत राहून पैशांची अफरातफर करणाऱ्यांबद्दल 'एवढा पगार असून खातात म्हणजे निव्वळ हाव' असं सर्रास म्हटलं जातं. सराईत ठगांना ते लागू पडेल, पण पहिल्यांदा हात मारणाऱ्याला फारसं नाही. डोनाल्ड क्रेसी या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने 1950च्या सुमारास तुरुंगात जाऊन अफरातफर केलेल्या कैद्यांना बोलतं केलं. त्यातले बरेच जण आपण चोरी केली असं मानतच नव्हते. 'तात्पुरते वापरले, परत ठेवणारच होतो' हे पालुपद. आणि मुळाशी घरीदारी कुणाला सांगता न येणारी पैशाची अडचण.

सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष रामलिंग राजू यांचं 7 जानेवारी 2009चं कबुलीपत्र या नजरेने वाचा. 5,000 कोटींहून जास्त शिल्लक नुसती कागदावर होती, हे कबूल करताना ते सांगतात की खऱ्या आणि दाखवलेल्या नफ्यातली तफावत सुरुवातीला किरकोळ होती. वर कंपनीतून आपण एक रुपयाही घेतला नाही, हेही आवर्जून! (2015 साली कोर्टाने 7 वर्षं सुनावली, तो भाग वेगळा.)

हिशेबातलं असं भगदाड रोज लिंपावं लागतं. म्हणून असा माणूस रजाच टाकत नाही आणि साहेब त्याला कामसू म्हणून नावाजतात. रिझर्व्ह बँकेने संवेदनशील जागांवरच्या बँक कर्मचाऱ्यांना वर्षातून एकदा सलग 10 कामाचे दिवस, तेही आधी न कळवता, सक्तीची रजा लावली आहे ती यासाठीच. तेवढ्यात दुसरा कोणी त्या टेबलावर बसतो आणि न जुळणारी नोंद त्याच्या हाती लागू शकते.