अनुदान बंद करा, खेळतं भांडवल द्या. पटतंय का?

वर्कशॉपवाला, सांगली
पीएमईजीपी, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, 2008पासून चालू आहे. नवा धंदा काढायला बँकेचं कर्ज आणि त्यावर सरकारी अनुदान, अशी ही योजना. शहरात खुल्या गटाला प्रकल्पाच्या 15 टक्के, खेड्यात महिला आणि मागास गटांना 35 टक्के अनुदान. माझं स्पष्ट मत: हे अनुदान बंद करावं. तोच पैसा वेळेवर हप्ते भरणाऱ्याला व्याजात सूट म्हणून द्यावा, आणि कच्चा माल घ्यायला खेळतं भांडवल द्यावं. आज माणूस धंद्याचं नंतर विचारतो, आधी "सबसिडी किती?" मी फॅब्रिकेशन करतो. अशा कर्जातून घेतलेल्या मशिनी निम्म्या किमतीत विकायला आलेल्या पाहिल्यात. मशीन चांगली होती, पत्रा घ्यायला पैसा नव्हता. बिल तीन महिन्यांनी मिळतं, हप्ता दर महिन्याला जातो.

मसालेवाली, बार्शी तालुका
दादा, अजिबात पटलं नाही. माझं मिरची कांडप याच योजनेतलं आहे. दहा लाखांचा प्रकल्प. माझे 50 हजार, अनुदान साडेतीन लाख, फेडायचे उरले सहा लाख. शेत सासऱ्यांच्या नावावर, माझ्या नावावर काही नाही. साडेनऊ लाख फेडायचे असते तर घरात कुणीच हो म्हटलं नसतं. व्याजातली सूट हप्ते सुरू झाल्यावर मिळणार. धाडस त्याच्या आधी करावं लागतं.

निवृत्त शाखाधिकारी
एक गैरसमज दूर करतो. अनुदान हातात मिळत नाही. ते कर्जदाराच्या नावाने तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून राहतं, तेवढ्या कर्जावर व्याज लागत नाही आणि युनिट चालू असल्याची पडताळणी झाली की मग ते कर्जात वळतं होतं. त्यामुळे "सबसिडी खाऊन पळाला" हे वाटतं तितकं सोपं नाही. खरा रोग प्रकल्प अहवालात आहे. एजंटाने केलेले अहवाल मी वर्षानुवर्षं वाचलेत, गाव बदललं तरी विक्रीचे आकडे तेच. आणि आमचीही चूक कबूल करतो: दहा लाखांपर्यंत तारण मागायचं नाही असा नियम असताना जामीनदार आणा, घराचे कागद आणा, असं सांगणाऱ्या शाखा मी पाहिल्या आहेत.

वर्कशॉपवाला, सांगली
ठेवीचा मुद्दा मान्य. पण लहान धंद्यांना कर्ज देणारी मुद्रा योजना बघा. 8 एप्रिल 2015 रोजी सुरू झाली, अनुदान शून्य, तरी लोक घेतातच ना?

मसालेवाली, बार्शी तालुका
मुद्राचं सगळ्यात लहान, शिशू कर्ज 50 हजारांपर्यंत. त्यात शिलाई मशीन येईल, कांडप येत नाही. त्याच्या वरचं मागायला गेले तर बँक आधीचा व्यवहार विचारते. पहिल्यांदाच धंद्यात पडणाऱ्या बाईने तो कुठून आणायचा? भांडवलाचं तुमचं म्हणणं मात्र खरं आहे. मिरची फेब्रुवारी ते मेमध्येच भरून ठेवावी लागते. कॅश क्रेडिट, म्हणजे माल भरायला बँकेकडून लागेल तसं उचलायचं कर्ज, मे संपताना मंजूर झालं, तेव्हा भाव चढलेले होते. पूर्ण वर्ष मी दुसऱ्यांची मिरची कांडून काढलं.

वर्कशॉपवाला, सांगली
ताई, मी हेच सांगतोय. 2006चा कायदा म्हणतो, लहान उद्योगाचं बिल 45 दिवसांत द्या. पण ज्याच्या ऑर्डरवर पोट चालतं त्याच्याविरुद्ध तक्रार कोण करणार? अनुदान ठेवा हवं तर, पण मशीन बसायच्या दिवशी कॅश क्रेडिटही खात्यात हवं. एवढ्यावर तरी शाखाधिकारी साहेब हो म्हणतील का?

निवृत्त शाखाधिकारी
म्हणतो. मिरचीच्या बाबतीत तर जानेवारीतच हवं.