मौखिक इतिहासाच्या मुलाखती : संमती, रेकॉर्डिंग आणि "हे आपल्यातच राहू द्या" (मदत हवी आहे)

टिपणवही

नमस्कार मंडळी. एका बंद पडलेल्या कारखान्यातल्या दहा निवृत्त कामगारांच्या मुलाखती घ्यायच्या आहेत. सगळे सत्तर ते पंच्याऐंशी वयाचे. प्रश्नांची यादी तयार आहे, पण चार ठिकाणी घोडं अडलंय.

संमतीपत्रावर सही मुलाखतीआधी घ्यायची की नंतर? फोनवर रेकॉर्ड केलं तर चालेल का? बोलण्याच्या ओघात कुणी "हे आपल्यातच राहू द्या" म्हणालं तर काय करायचं? आणि सांगणाऱ्याने साल चुकीचं सांगितलं तर तिथल्या तिथे दुरुस्त करावं का? जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

कानसेन

सही दोन्ही वेळा घ्या, कारण त्या दोन वेगळ्या गोष्टींच्या सह्या आहेत. आधीची सही फक्त रेकॉर्डिंगला. नंतरची वापराला. आपण काय बोलून जाणार हे बोलायच्या आधी कुणालाच ठाऊक नसतं. मग त्या बोलण्याचे हक्क आधीच कसे लिहून घेणार?

त्याही आधी रेकॉर्डर न नेता एकदा भेटून या. हे कशासाठी, कोण ऐकणार, कुठे ठेवणार, एवढंच सांगायचं. त्या भेटीत मूळ आठवणी काढू नका. एकदा मोकळेपणाने सांगून झालेली गोष्ट दुसऱ्यांदा आटोपशीर होऊन येते.

वापराच्या कागदावर "सर्व हक्क देत आहे" अशी एकच ओळ नको. खरं नाव द्यायचं का, आवाज ऐकवायचा का, इंटरनेटवर टाकायचं का, अभिलेखागारात ठेवायचं का, काही वर्षं बंद ठेवायचं का, या प्रत्येक ओळीपुढे हो किंवा नाही. वाचता येत नसेल तर कागद मोठ्याने वाचून दाखवा आणि होकार रेकॉर्डरवर घ्या. घरातलं माणूस "हो हो, चालेल त्यांना" म्हणालं, तर तो होकार धरायचा नाही. कागदाची एक प्रत त्यांच्याकडे राहिली पाहिजे, आणि माघार कधीपर्यंत घेता येईल ती तारीखही त्यावर हवी. इंटरनेटवर गेलेला आवाज पूर्णपणे परत आणता येत नाही, हे सही घेण्याआधी सांगा.

"कुणालाही कळणार नाही" असा शब्द मात्र कधीच देऊ नका. उत्तर आयर्लंडमधल्या सशस्त्र गटांच्या माजी सदस्यांच्या मुलाखती अमेरिकेतल्या बॉस्टन कॉलेजने जपून ठेवल्या होत्या. हयात असेपर्यंत त्या उघडणार नाहीत, असं निवेदकांना, म्हणजे मुलाखत देणाऱ्यांना, सांगितलं होतं. २०११ मध्ये ब्रिटिश पोलिसांच्या तपासासाठी अमेरिकेत न्यायालयीन समन्स निघाले आणि त्यातल्या काही मुलाखती द्याव्या लागल्या. गुप्ततेच्या वचनापुढे "कायदा परवानगी देईल तेवढीच" हे शब्द हवेतच. चालू खटल्याचा किंवा गुन्ह्याचा विषय निघण्यासारखा असेल तर ते मुलाखतीआधीच बोलून घ्या.

ओसरी

फोनवर काम भागतं, पण एअरप्लेन मोडवर आणि बाहेरचा माइक लावून. बऱ्याच फोनमध्ये आवाजाची पातळी आपोआप वरखाली होते. निवेदक विचार करत थांबला की तेवढ्यात पंख्याची घरघर वर येते. मौखिक इतिहासात ती शांतताही दस्तऐवजच असते, म्हणून शक्य असेल तर रेकॉर्डर वापरा.

सेटिंग : वेव्ह फाइल, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. स्टिरिओला तासाला साधारण १ जीबी लागतो, म्हणजे ३२ जीबीच्या कार्डावर तीसेक तास. एमपी३ मध्ये मूळ रेकॉर्डिंग करू नका. जागा वाचते, पण गाळला गेलेला आवाज परत मिळत नाही.

कॉलर माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर, कापड घासणार नाही असा. नेहमीच्या बोलण्याची उंच टोकं रेकॉर्डरच्या आवाजपट्टीवर उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा. शून्याला टेकलेला आवाज फाटतो आणि नंतर धड दुरुस्त होत नाही. मोठ्याने हसणं आणि टेबलावरची थाप इथेच दगा देतात. रेकॉर्डरखाली घडी घातलेला टॉवेल ठेवा. टिकटिकणारं घड्याळ दुसऱ्या खोलीत. फ्रिज बंद करायचा असेल तर विचारून करा आणि आपली किल्ली त्यातच ठेवा, म्हणजे निघताना तो चालू करायचं विसरणार नाही.

सुरुवातीला तारीख, जागा आणि हजर असलेल्यांची नावं बोलून घ्या. नाव गुप्त ठेवायचं असेल तर फक्त क्रमांक. हेडफोन लावून अर्धा मिनिट तपासा, मग पहिला प्रश्न. शेवटी सगळ्यांनी गप्प बसून खोलीचा तीस सेकंदांचा आवाज घ्या, संपादनात जोड लपवायला लागतो.

त्याच दिवशी तीन प्रती करा : दोन वेगवेगळ्या डिस्कवर, तिसरी दुसऱ्या इमारतीत. प्रत उघडून शेवटपर्यंत वाजते का बघितल्याशिवाय कार्ड पुसू नका. मूळ फाइलला हात लावायचा नाही, काटछाट प्रतीवरच.

कानसेन

आता "हे आपल्यातच राहू द्या". रेकॉर्डर थांबवा, थांबवलेला दाखवा, आणि विचारा : "हे" म्हणजे काय? कुणाचं तरी नाव? तेवढं एक वाक्य? की सगळा प्रसंग? बऱ्याचदा अडचण एका नावाचीच असते. वेळ टिपून ठेवा, उदाहरणार्थ ४२ मिनिटं १० सेकंद ते ४३:०५. ते म्हणतील त्याप्रमाणे तेवढा भाग बंद ठेवा किंवा पुसा. पुसायचं ठरलं तर तिन्ही प्रतींतून पुसायचं. मूळ फाइलला हात न लावण्याच्या नियमाला हा एकच अपवाद. रेकॉर्डर बंद झाल्यावर दारात उभं राहून सांगितलेली गोष्ट न विचारता वहीत लिहू नका.

साल चुकलं तर टोकू नका. इटलीतल्या तेर्नी गावात १७ मार्च १९४९ रोजी नाटोविरोधी निदर्शनात लुइजी त्रास्तुल्ली हा तरुण पोलाद कामगार पोलिसांच्या गोळीबारात मरण पावला. अनेक कामगारांनी मात्र त्याचा मृत्यू १९५३ च्या नोकरकपातीविरुद्धच्या दंगलींत झाल्याचं सांगितलं. अलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी या चुकीचाच अभ्यास केला : नोकऱ्या गेल्याची जखम इतकी मोठी होती की गावाच्या आठवणीने तो मृत्यू तिथे नेऊन ठेवला. मध्येच दुरुस्त केलं असतं तर हे हाती लागलं नसतं. तुम्ही एवढंच विचारा : "तेव्हा तुम्ही कुठल्या खात्यात होता? घरात लहान कोण होतं?" साल आपोआप जागेवर येतं. नाही आलं तर खरी तारीख तळटीपेत.

टिपणवही

फार उपयोग झाला. आणखी दोन : शब्दांकन संगणकाकडून करून घ्यावं का? आणि बोलता बोलता कुणाला रडू कोसळलं तर?

ओसरी

हाताने करायला तासाभराच्या आवाजाला सहा ते आठ तास धरा. संगणकाचा कच्चा मसुदा चालतो, पण बोलीतले शब्द, माणसांची आणि यंत्रांची नावं तो हमखास चुकवतो, ती ऐकून तपासा. बंद ठेवायचा भाग कुठल्याही ऑनलाइन सेवेवर चढवू नका, तो तिथून फुटू शकतो. भाषा सुधारू नका. "मंग... (सहा सेकंद शांतता) ...गेलो माघारी" याचं "नंतर मी परत गेलो" केलंत की माणूसच निघून जातो. तयार शब्दांकन निवेदकाला वाचायला द्या.

कानसेन

शेवटच्या वाक्याला एक पुस्ती. नुसता कागद दिला तर बरेच जण आपली बोली खोडून पुस्तकी मराठी लिहून देतात. शेजारी बसून आवाज ऐकवत वाचा आणि फक्त नावं, तपशील, बंद ठेवायचा भाग एवढंच विचारा. तरीही त्यांना वाक्य बदलायचंच असेल तर बदला. शब्द त्यांचे आहेत.

रडू आलं तर लगेच बटणाकडे हात नेऊ नका, "तुमचं रडणं नको" असा त्याचा अर्थ होतो. थोडं थांबा, पाणी द्या, मग विचारा : थांबू या, की सांगायचंय? उत्तर येईल तसं करा. एक बैठक दीड तासाच्या वर नेऊ नका. जड प्रसंगावर बैठक मोडायची नाही, नंतर पंधरा-वीस मिनिटं कामाच्या, रोजच्या गोष्टी विचारा : पाळी किती वाजता सुटायची, डबा कुठे ठेवायचे. दुसऱ्या दिवशी फोन करा, आणि त्या फोनवर मुलाखतीतलं काही विचारू नका.