धुऱ्यावरची वहिवाट आणि तारेचं कुंपण

‘स्वतःच्या वावराला तार मारायला कोणाला विचारायचं?’ असं बरेच जण विचारतात, पण ते अर्धंच बरोबर आहे. कुंपणाचा हक्क तुमचाच, पण धुऱ्यावरून (दोन वावरांमधल्या बांधावरून) मागच्या वावरात जायची कोणाची वाट असेल तर गोष्ट बदलते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 चं कलम 143 नेमकं त्यासाठी आहे: दुसऱ्याच्या हद्दीवरून वाटेचा हक्क आहे की नाही, हे तहसीलदार चौकशी करून ठरवतो. निकाल पटला नाही तर दिवाणी कोर्ट उघडंच असतं.

काटोलकडे आमची संत्र्याची बाग आहे. रानडुकरं आणि रोह्यांना (नीलगायींना) कंटाळून आम्ही सिमेंटचे खांब थेट धुऱ्यावर रोवले, बैलबंडीची वाट बंद. मागच्या शेतकऱ्याने अर्ज टाकला. मोजणी आम्ही केलीच नव्हती, नुसता जुना दगड धरून चाललो होतो. मोजणी होऊन हद्दीच्या नकाशाची ‘क’ प्रत हाती आली तेव्हा कळलं की आमचे काही खांब त्याच्याच हद्दीत! मुकाट्याने उपटले, आत घेतले, वाट सोडली. मजुरी दुप्पट गेली, बोलणं तुटलं ते वेगळंच. त्यामुळे आधी मोजणी, मग खांब.

आणि जनावरांना हाकलायला कुंपणाच्या तारेत झटका सोडणारी झटका मशीन लावायची असेल तर तेही सांगतो. बॅटरीवर चालणारी, थांबून थांबून झटका देणारी लावा. पंपाच्या लाइनवरून तारेत थेट करंट सोडणं गुन्हा आहे. डुकराऐवजी रात्री पाणी द्यायला आलेला माणूस चिकटला तर जन्माची कोर्टकचेरी.