आनंदमेळ्यात पाळण्याचा दांडा उघडला, मुलाचा हात मोडला. दावा कोणावर करायचा?

मांजलपूरची_आई

नमस्कार. बडोद्यातल्याच एका आनंदमेळ्यात घडलेलं आहे. मुलगा नऊ वर्षांचा, ब्रेकडान्स नावाच्या राईडमध्ये माझ्या शेजारीच बसला होता. जरा वेग आला आणि मांडीवरचा दांडा आपोआप वर गेला. मी त्याचा शर्ट पकडला, पण तो बाहेर फेकला गेला. डाव्या हाताची दोन्ही हाडं मनगटाच्या वर मोडली. ऑपरेशन करून तारा घातल्या आहेत. चित्रं तो डाव्या हाताने काढतो.

राईडवाला म्हणतो, पोरानेच दांडा ढकलला. आयोजक म्हणतात, राईड आमची नाही, आम्ही फक्त जागा दिली. तिकिटामागे गुजरातीत छापलंय की बसणाऱ्याने स्वतःच्या जोखमीवर बसावं. हॉस्पिटलने पोलिसांना वर्धी दिली होती, तरी चौकीत नुसती जाणवाजोग नोंद झाली, म्हणजे गुन्हा दाखल न करता फक्त माहिती लिहून घेतली. आता आयोजकांचा माणूस पंधरा हजार घेऊन आलाय आणि समाधानाच्या, म्हणजे तडजोडीच्या, कागदावर सही मागतोय. मिस्टर म्हणतात, सही करून मोकळं होऊ.

मला ते पटत नाही. १८ जानेवारी २०२४ ला इथल्याच हरणीच्या तलावात नाव उलटून १२ मुलं आणि २ शिक्षिका बुडाल्या. त्यानंतरही या शहरात मूल बसल्यावर एक दांडा कोणी हाताने ओढून बघत नाही? चूक त्यांची होती हे कोणीतरी लेखी सांगावं, एवढंच मला हवंय.

दांडियाबाजार_वकील

ताई, सही करू नका. त्या कागदात 'आता आमची कोणतीही तक्रार नाही' असं एक वाक्य असणारच, आणि पुढे तेच तुमच्यासमोर धरलं जाईल. बिलाचे पैसे देत असतील तर पावतीवर 'तूर्त उपचारखर्चापोटी, बाकी हक्क राखून' असं लिहूनच घ्या. मुलांच्या मनगटाजवळ हाड वाढण्याची जागा असते. तिला धक्का लागलाय का हे आज कळत नाही. हाडांच्या डॉक्टरांचं लेखी मत येईपर्यंत कुठलाच आकडा मान्य करू नका.

तिकिटामागच्या ओळीला घाबरू नका. चक्कर येणं, उलटी होणं, मान थोडी अवघडणं ही राईडची जोखीम, ती बसणारा पत्करतो. दांडा उघडणं ही कोणी पत्करलेली जोखीम नाही. पैसे घेतल्यावर हातात दिलेल्या छापील ओळीने निष्काळजीपणा धुतला जात नाही.

तुम्ही तिकीट काढलंत म्हणजे ग्राहक आहात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अल्पवयीन मुलाच्या वतीने आई-वडील तक्रार करू शकतात, तीही राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात. मुदत २ वर्षं. जुन्या कायद्यात भरपाईची मागणी धरून कोणता आयोग हे ठरायचं, आता फक्त तिकिटासाठी दिलेली किंमत बघतात. म्हणजे शंभरेक रुपयांच्या तिकिटावर लाखोंची मागणी केली तरी प्रकरण जिल्हा आयोगातच चालतं आणि फी शून्य. वकिलाची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. लहान मुलाला मोफत वकील मिळतो, घरचं उत्पन्न बघत नाहीत.

आणि पोलिसांचं. हाड मोडणं कायद्याने 'गंभीर दुखापत' आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम १२५(ब) आणि यंत्राबाबत निष्काळजीपणाचं कलम २८९ लिहून अर्ज द्या. पोहोच घ्या. गुन्हा नोंदवला नाही तर तोच अर्ज पोलीस आयुक्तांना, आणि तिथेही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे.

वाघोडिया_रोड

वकीलसाहेबांचा मान राखून सांगतो, मिस्टरांचं म्हणणं अगदीच चूक नाही. मेळा उठला की राईडवाला ट्रक भरून दुसऱ्या गावी जातो. निकाल लागेपर्यंत तो सापडणार कुठे? हातात येतंय ते घ्या.

दांडियाबाजार_वकील

दादा, म्हणूनच एकट्या राईडवाल्यावर तक्रार करायची नसते. आयोजक, राईडचा मालक, जागेचा मालक आणि विमा कंपनी, सगळ्यांना सामनेवाले करायचं, म्हणजे तक्रार सगळ्यांविरुद्ध करायची. मेरठच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये १० एप्रिल २००६ ला प्रदर्शनाला आग लागून ६५ जण गेले. तिथेही आयोजकांनी हेच सांगितलं होतं, की मांडव ठेकेदाराचा, आमचा संबंध नाही. १२ एप्रिल २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळलं आणि भरपाईची जबाबदारी ६० टक्के आयोजकांवर, ४० टक्के राज्य सरकारवर टाकली. लोकांना बोलावून पैसे कमावणाऱ्याला ठेकेदाराकडे बोट दाखवून सुटता येत नाही.

अहमदाबादला कांकरियावर १४ जुलै २०१९ ला राईडचा खांब तुटून २ जण गेले, तेव्हाही चालवणाऱ्या कंपनीच्या मालकापासून ऑपरेटरपर्यंत अटक झाली होती.

ताई, ज्या कचेरीने मेळ्याला परवानगी दिली तिथे माहिती अधिकाराचा अर्ज टाका. गुजरातेत फी २० रुपये. परवान्याची प्रत, त्यातल्या अटी, राईडचं फिटनेस प्रमाणपत्र आणि विम्याची पॉलिसी, चारही मागा. विमा कंपनीचं नाव तिथेच मिळेल.

जुना_फिटर

मी अशा राईडवर बरीच वर्षं काम केलंय, म्हणून एकच गोष्ट खात्रीने सांगतो. दांड्याचं कुलूप लागलेलं असेल तर नऊ वर्षांचं मूल काय, मोठा माणूसही बसल्या जागेवरून तो वर ढकलू शकत नाही. मुलाने ढकलल्यावर उघडला असेल तर तो मुळात लागलाच नव्हता, किंवा आतले दात झिजले होते. दोन्हीत दोष त्यांचाच. 'पोराने ढकलला' हे ते बोलले असतील तर लिहून ठेवा, ते त्यांच्याच अंगावर येतं.

नियम साधा आहे. सगळे बसले की ऑपरेटरने प्रत्येक दांडा हाताने वर ओढून बघायचा, मगच चालू करायचं. रोज सकाळी रिकामी राईड फिरवून रजिस्टरमध्ये सही करायची. ते रजिस्टर मागा. मेळ्याची राईड दर गावी सुटी करून पुन्हा जोडतात, त्यामुळे पिना आणि वेल्डिंग लवकर थकतात. लाल रंग लावून चीर शोधायची तपासणी असते, ती शेवटची कधी केली हे विचारा. आणि घाई करा. राईड हलली की पिन बदलली जाते. पोलिसांकडून त्या डब्याचा पंचनामा आधी करून घ्या.

मांजलपूरची_आई

काका, तुमच्या उत्तराने खूप धीर आला. मिस्टरांनाही वाचून दाखवलं, ते गप्प बसले आणि मग एक्स-रेची फाईल शोधायला उठले. मागच्या डब्यातल्या एका बाईंनी व्हिडिओ काढलाय. त्यात दांडा वर येताना स्पष्ट दिसतो, आणि ऑपरेटर खुर्चीवरून उठलेलाच नाही. इथे टाकू का?

दांडियाबाजार_वकील

इथे टाकू नका, मुलाचा चेहरा आहे त्यात. त्या बाईंना मूळ व्हिडिओ त्यांच्या मोबाइलमध्ये तसाच ठेवायला सांगा. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली प्रत पुरत नाही. असा व्हिडिओ पुरावा म्हणून द्यायला भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र त्यांच्या सहीने लागेल, मसुदा मी देतो. त्यांचं नाव आणि पत्ता उद्याच्या पोलीस अर्जात साक्षीदार म्हणून घाला. आयोजकांनाही आजच लेखी कळवा की त्या दिवसाचं सीसीटीव्ही पुसू नये. रजिस्टर पोस्टाने पाठवा, पावती जपून ठेवा.